ऊतीतलं प्रकाशसंवेदी औषध फ्लुरोसन्सने मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लुरोमीटरवर, म्हणजे नमुन्यावर एका रंगाचा प्रकाश टाकून त्यातून उठणारी दुसऱ्या रंगाची चमक (फ्लुरोसन्स) मोजणाऱ्या यंत्रावर, पहिल्यांदा बसणारी मुलं साधारण एकाच जागी अडतात. आधी मानक द्रावणांची, म्हणजे औषधाचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणांची, छान सरळ रेषा येते, सगळे खूश. मग यकृताचा तुकडा आत जातो, आणि आलेल्या आकड्याचा त्या रेषेशी काही संबंधच उरत नाही. खालचे प्रश्न अशा अडलेल्यांचेच आहेत. उदाहरणं बहुतेक प्रोटोपॉर्फिरिन नाइन या अशाच एका लाल चमकणाऱ्या द्रव्याची दिली आहेत, कारण माझी अधिक वर्षं त्याच्यासोबत गेली.

प्रकाशसंवेदी औषध म्हणजे उजेडात खराब होणारं औषध का?

तोही एक अर्थ आहे. निफेडिपिनची गोळी उजेडापासून जपतात ती बिघडू नये म्हणून. इथे विषय आहे तो उजेड पडल्यावरच कामाला लागणाऱ्या औषधांचा. फोटोडायनॅमिक उपचारात रुग्णाला असं औषध देतात, ते गाठीत साठेपर्यंत थांबतात आणि मग गाठीवर ठरावीक रंगाचा प्रकाश सोडतात. औषधाचा रेणू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून तयार होणारा सिंग्लेट ऑक्सिजन इतका अधीर असतो की जन्मला तिथेच, पेशीच्या आतल्या आत, समोर येईल त्याच्याशी अभिक्रिया करून संपतो. म्हणून नुकसान होतं ते जिथे औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन तिन्ही एकत्र येतात तिथेच. फोटोफ्रिन, टेमोपॉर्फिन, व्हर्टेपॉर्फिन, क्लोरिन ई६ ही या कुळातली नेहमी कानावर पडणारी नावं.

औषधाचा डोस तर माहीत असतो. मग ऊतीत मोजायचं कशाला?

डोस शिरेत गेला किंवा पोटात गेला, एवढंच आपल्याला माहीत असतं. गाठीत किती पोचला हे माणसागणिक बदलतं, आणि एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतही बदलतं. प्रकाशाची मात्रा तुम्ही ज्यूलमध्ये कितीही काटेकोर मोजा, तिथे औषधच कमी असेल तर उपचार फसतो आणि दोष प्रकाशावर जातो. दुसरं कारण वेळेचं. प्रकाश कधी सोडायचा हे गाठ आणि भोवतालची निरोगी ऊती यांतला फरक कधी सर्वाधिक असतो त्यावर ठरतं, आणि तो फरक मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजायला फ्लुरोसन्सच का?

कारण ही औषधं आपण होऊन आपला पत्ता सांगतात. प्रकाश शोषलेल्या रेणूंपैकी बरेच ऊर्जा ऑक्सिजनकडे वळवतात, पण काही ती लाल प्रकाशाच्या रूपात परत टाकतात. निळा प्रकाश आत, लाल बाहेर. दोन्ही रंग एकमेकांपासून लांब असल्यामुळे फिल्टरने वेगळे करणं सोपं जातं. शिवाय शोषण मोजताना आपण भरपूर प्रकाशातली किंचित घट शोधत असतो, तर फ्लुरोसन्समध्ये काळोखातला किंचित उजेड शोधतो. भर दुपारी एक दिवा विझलेला ओळखणं आणि अमावस्येला एक पणती पेटलेली ओळखणं, इतका हा फरक आहे.

हे सगळं सुरू कुठून झालं?

म्युनिकमधून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्कर राब हा विद्यार्थी हेर्मान फॉन टापाइनर यांच्या प्रयोगशाळेत ॲक्रिडीन हा रंग पॅरामेशियमवर किती विषारी आहे ते पाहत होता. निकाल दर वेळी वेगळे यायला लागले, आणि त्याच्या लक्षात आलं की फरक खोलीतल्या उजेडाचा आहे. टापाइनर यांनी १९०३ मध्ये त्वचेच्या गाठींवर इओसिन लावून उजेड दिला. पुढचा किस्सा मला फार आवडतो. १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्स या जर्मन डॉक्टरने स्वतःलाच २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतलं आणि उन्हात गेला. चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजला, आणि ऊन सोसण्याची ताकद परत यायला दोन महिन्यांहून जास्त लागले.

मोजणीच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १९२४. फ्रान्समधल्या लियाँ इथे आल्बेर पोलिकार यांना उंदरांच्या गाठी अतिनील प्रकाशात लाल चमकताना दिसल्या. अमेरिकेत बफेलोच्या रॉझवेल पार्कमध्ये थॉमस डोहर्टी यांनी १९७० च्या दशकात उपचार रुग्णांपर्यंत नेला. फोटोफ्रिनला पहिली मान्यता १९९३ मध्ये कॅनडात मिळाली.

आम्ही अमायनोलेव्ह्युलिनिक आम्ल वापरतो. त्याचा फ्लुरोसन्स दिसतच नाही!

दिसणार नाही. ते स्वतः चमकत नाही. हे आम्ल, थोडक्यात एएलए, हा कच्चा माल आहे. पेशी त्यापासून हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) बनवायला घेतात आणि शेवटच्या पायरीच्या आधी प्रोटोपॉर्फिरिन नाइन तयार होतं. त्यात लोह बसवण्याचं काम फेरोकिलेटेज नावाच्या विकराचं. बाहेरून भरमसाट एएलए आलं की हा विकर मागे पडतो, लोह बसायचं राहून जातं आणि पॉर्फिरिन तुंबतं. अनेक गाठींमध्ये ते जास्त तुंबतं. त्यामुळे तुम्ही मोजता ती पेशीने त्या औषधाचं काय केलं याची नोंद असते. अहवालात 'एएलएची संहती' असं लिहू नका, परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

कोणती तरंगलांबी लावायची?

प्रोटोपॉर्फिरिनचं सर्वांत मोठं शोषण ४०५ नॅनोमीटरच्या आसपास, ज्याला सोरे पट्टा म्हणतात. त्यापुढे ५०५, ५४०, ५७५ आणि ६३० जवळ लहान पट्टे. उत्सर्जनाची शिखरं ६३५ ला मोठं आणि ७०५ ला लहान.

द्रावणात विचार करायचं कारण नाही, ४०५ लावा. जिवंत ऊतीत मात्र ४०५ चा प्रकाश एक मिलिमीटरच्या आतच संपतो, म्हणजे तुम्ही फक्त वरचा पापुद्रा मोजता. ६३० चा लाल प्रकाश काही मिलिमीटर आत जातो, पण तिथे शोषण कमी आणि उत्तेजक प्रकाश उत्सर्जनाला अगदी खेटून. मग मोजायला ७०५ चं लहान शिखर तेवढं उरतं. दोन्ही वापरून आलेल्या आकड्यांचं गुणोत्तर पाहिलं तर औषध वर आहे की खोल, याचाही अंदाज येतो.

उंदराच्या गाठीचा तुकडा हातात आहे. तसाच मोजू की औषध काढून घेऊ?

हातात तुकडा असेल तर काढून घ्या. श्रम जास्त, पण वाद कमी. साधारण रीत अशी: तुकडा काढल्याबरोबर फॉइलमध्ये गुंडाळून उणे ८० अंशांना ठेवायचा. वजन करायचं, आणि हे वजन नीट करा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मिथेनॉल आणि सौम्य परक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणात होमोजिनाइज करायचं, म्हणजे वाटून एकजीव करायचं, सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ द्रव घ्यायचं. तळाच्या गाळावर तेच मिश्रण पुन्हा ओतून दुसऱ्यांदा काढायचं. दुसऱ्या फेरीतही बरंच औषध आलं तर तिसरी फेरी करा. परक्लोरिक आम्ल सेंद्रिय द्रावकाबरोबर तापवायचं किंवा सुकवायचं नाही, स्फोटाचा धोका असतो. हे भिंतीवर लावा. ते नको असेल तर कॉस्टिक आणि एसडीएस डिटर्जंटमध्ये तुकडा पूर्ण विरघळवायची रीतही चालते.

हिशोबाचं उदाहरण: ५० मिलिग्रॅम तुकडा, एकूण २ मिलिलिटर द्रव, मोजणी आली मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम. म्हणजे एकूण १० नॅनोग्रॅम, म्हणजे ऊतीच्या एका ग्रॅमला ०.२ मायक्रोग्रॅम. प्रोटोपॉर्फिरिनचा रेणुभार सुमारे ५६२.७ आहे, तेव्हा ग्रॅमला १ मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण १.७८ नॅनोमोल. निम्मे शोधनिबंध एका एककात आणि निम्मे दुसऱ्यात असतात, म्हणून हे पाठच करून ठेवलेलं बरं.

आम्लात काढल्यावर ६३५ चं शिखर गायब झालं. औषध गेलं का?

गेलं नाही. आम्लात पॉर्फिरिनच्या मधल्या नायट्रोजनना जादा प्रोटॉन चिकटतात आणि वर्णपट सरकतो. मुख्य शिखर साधारण ६०५ जवळ येतं, दुसरं ६६० जवळ. मानक द्रावणंही त्याच आम्लात बनवा म्हणजे झालं.

मानक रेषा पाण्यात किंवा बफरमध्ये काढली तर चालेल का?

नाही. सर्वाधिक आकडे इथेच बुडतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं, पॉर्फिरिनला पाणी आवडत नाही. पाण्यात हे चपटे रेणू एकमेकांना चिकटून थप्प्या लावतात, आणि थप्पीतला रेणू जवळपास चमकत नाही. ट्रायटन एक्स-१०० सारखं डिटर्जंट घाला, थप्प्या सुटतात आणि त्याच द्रावणाचा आकडा टुणकन वर जातो. आता विचार करा: ऊतीतलं औषध प्रथिनांना आणि मेदाला चिकटून सुटं सुटं आहे, तुमचं मानक पाण्यात थप्प्या लावून बसलंय. याची त्याच्याशी तुलना केली तर ऊतीत औषध आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसणार.

दुसरं, ऊतीच्या अर्कात रक्ताचे, मेदाचे अवशेष येतात. ते थोडा प्रकाश खातात आणि थोडा आपला मिसळतात. म्हणून मानक बनवताना औषध न दिलेल्या प्राण्याचा तोच अवयव घ्यायचा, त्याच रीतीने अर्क काढायचा आणि त्यात माहीत असलेलं औषध घालायचं. यकृतासाठी यकृत, स्नायूसाठी स्नायू. एका विद्यार्थिनीने सगळ्या अवयवांना यकृताचीच रेषा लावली होती; तिचे त्वचेचे आकडे बघून आम्ही दोन आठवडे भलत्याच सिद्धांतावर चर्चा केली.

कोरा अवयव मिळतच नसेल, म्हणजे रुग्णाच्या बायोप्सीत मिळत नाहीच, तर नमुन्यातच थोडं थोडं मानक वाढवत जा आणि रेषा मागे शून्यापर्यंत ओढा. नमुना जास्त लागतो, पण परिसर प्रत्येक वेळी तोच राहतो.

आणि औषध अर्क काढण्याआधी घालून किती परत मिळतं तेही एकदा पाहाच. अर्क काढल्यावर घातलं तर काढताना झालेली गळती कळत नाही.

संहती वाढवत नेली तर आलेख वाकतो आणि पुढे खालीही येतो. उपकरण बिघडलंय?

उपकरण ठीक आहे. द्रावण गडद झालं. समोरचे रेणूच प्रकाश खाऊन टाकतात, क्युव्हेटच्या (नमुना ठेवायच्या पारदर्शक चौकोनी नळीच्या) मध्याला काही पोचत नाही, आणि डिटेक्टर तर मध्याकडे बघतोय. शोषण ०.१ असतानाही मध्यापर्यंत सुमारे ११ टक्के प्रकाश गळालेला असतो. त्याच्या खाली राहा. शंका आली तर नमुना दुपटीने पातळ करून बघा: आकडा निम्मा झाला तर ठीक, निम्म्याहून जास्त राहिला तर आधीचा आकडा खोटा होता.

४७० ला एक छोटं शिखर दर वेळी दिसतं, कोऱ्या द्रावणातही. अशुद्धी?

उत्तेजन ४०५ ला आहे ना? मग ते पाण्याचं रामन विकिरण आहे. पाण्याचा रेणू प्रकाशातली ठरावीक ऊर्जा ठेवून घेतो आणि उरलेला प्रकाश ४७० च्या आसपास परत येतो. उत्तेजन बदला, शिखर सरकेल. खरं औषध असतं तर सरकलं नसतं. १९२८ मध्ये कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेला परिणाम तुमच्या बाकावर फुकट दिसतोय, तर त्याचा उपयोग करा. रोज सकाळी शुद्ध पाण्याच्या याच शिखराची उंची वहीत लिहा, दिव्याची ताकद कमी होत चालली की तिथे आधी कळतं.

८१० ला काही दिसलं तर तेही औषध नाही, ४०५ ची दुसऱ्या क्रमातली सावली आहे. मध्ये फिल्टर टाका.

औषध न दिलेले उंदीरही लाल चमकतात. कसं शक्य आहे?

खाद्य बघा. उंदरांच्या गोळी खाद्यात अनेकदा लसूणघास असतो. त्यातल्या हरितद्रव्याचे तुकडे आतड्यात आणि त्वचेत उतरतात आणि ६७० च्या जवळपास लाल चमकतात. मला हे कळायला तीन आठवडे लागले. त्या काळात मी सलाइन बदललं, सुया बदलल्या, आणि सहकाऱ्याने पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली असावी असा संशयही घेतला. त्याची मी अजून नीट माफी मागितलेली नाही. घास नसलेलं शुद्ध खाद्य एक-दोन आठवडे दिलं की चमक उतरते.

माणसातही अशा जागा आहेत. दातांवरचं कीट आणि मुरुमांतले जिवाणू आपलं आपलं पॉर्फिरिन बनवतात. तोंडाच्या आतल्या गाठीवर प्रोब टेकवण्याआधी दात घासायला सांगा.

जिवंत ऊतीवर फायबर प्रोब (प्रकाश नेणाऱ्या-आणणाऱ्या काचतंतूंची कांडी) टेकवून आलेला आकडा म्हणजे संहती का?

नाही. तो आकडा म्हणजे औषधाने दिलेला प्रकाश वजा ऊतीने वाटेत खाल्लेला प्रकाश, अधिक ऊतीचा स्वतःचा प्रकाश. माझ्या मते या विषयातली खरी मेहनत या वजाबाकीत आहे. उपकरण विकत मिळतं.

खाणारा मुख्यतः हिमोग्लोबिन. ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनचं मोठं शोषण ४१५ ला, म्हणजे आपल्या ४०५ च्या दारातच. रक्त वाढलं की उत्तेजक प्रकाशच औषधापर्यंत पोचत नाही. प्रोब जोरात दाबून बघा: खालचं रक्त बाजूला सरतं, त्वचा पांढरी पडते आणि आकडा वर जातो. औषध तेवढंच आहे! म्हणून प्रोब दर वेळी सारख्याच दाबाने टेकवणं हा हाताचा सराव आहे, पेटी वाजवण्यासारखा.

ऊतीचा स्वतःचा प्रकाश कोलॅजेन, एनएडीएच, फ्लेविन यांचा. तो हिरव्या-निळ्यात जास्त, पण त्याचं शेपूट लाल भागापर्यंत लोंबतं. त्यामुळे ६३५ ची नुसती उंची वाचू नका. शिखराच्या दोन्ही पायथ्यांना जोडणारी रेषा वजा करा, किंवा संपूर्ण वर्णपट हा 'ऊती अधिक औषध अधिक औषधाचे तुटके अवशेष' अशी बेरीज मानून संगणकाला प्रत्येकाचा वाटा काढू द्या.

खाल्लेल्या प्रकाशाची भरपाई करायचे मार्ग बरेच आहेत. सर्वांत सोपा म्हणजे औषधाचा लाल प्रकाश भागिले ऊतीचा हिरवा प्रकाश. पण गाठीत हिरवा प्रकाशही बदलतो, तेव्हा तो अंदाजापुरताच. चांगला मार्ग: त्याच प्रोबने पांढरा प्रकाश सोडून किती परत येतो ते मोजायचं, त्यावरून शोषण आणि विकिरण (प्रकाशाचं विखुरणं) काढायचं आणि फ्लुरोसन्स त्याने दुरुस्त करायचा. तिसरा, प्रकाश सोडणारा आणि गोळा करणारा फायबर इतके जवळ ठेवायचे, किंवा एकच ठेवायचा, की प्रकाशाला ऊतीत भटकायला अंतरच मिळू नये.

कुठलाही मार्ग घ्या, आधी नकली ऊतीवर तपासा. दवाखान्यात शिरेतून देतात ते इंट्रालिपिड मेदाचं द्रव विकिरणासाठी, थोडं रक्त किंवा शाई शोषणासाठी, आणि माहीत असलेलं औषध. रक्त दुप्पट केल्यावरही दुरुस्त केलेला आकडा जागचा हलला नाही, तर तुमची रीत जमली. दुधाच्या पेल्यात टॉर्च धरून बघितलीत तर विकिरण म्हणजे काय हे कुठल्याही समीकरणाआधी कळेल.

मोजता मोजताच आकडा उतरत जातो. का?

प्रकाश औषध चालू करतो तसा जाळतोही. प्रोटोपॉर्फिरिन जळताना ६७० च्या आसपास चमकणारे अवशेष सोडतं, त्यांना औषधात धरू नका. उजेड कमी ठेवा, शटर फक्त वाचनापुरतं उघडा, एकाच जागी दहा वाचनं घेण्यापेक्षा दहा जागी एकेक घ्या. उपचार चालू असताना मात्र हीच गळती कामाला येते: औषध किती वेगाने जळतंय त्यावरून सिंग्लेट ऑक्सिजन किती तयार होतोय याचा अंदाज लावतात. सिंग्लेट ऑक्सिजन स्वतः १२७० नॅनोमीटरला चमकतो खरा, पण इतका क्षीण की तो पकडायला वेगळा डिटेक्टर लागतो.

पूर्ण अंधारातच काम करावं लागतं का?

मंद उजेड चालतो, खिडकी चालत नाही. फॉइल, तपकिरी नळ्या, खिडकीला काळा कागद.

एचपीएलसी असताना हा खटाटोप कशाला?

एचपीएलसी, म्हणजे मिश्रण दाबाखाली नळीतून ढकलून घटक वेगळे करणारं यंत्र, औषध आणि त्याचे भाऊबंद वेगळे करून दाखवतं, ते फ्लुरोमीटरला जमत नाही. शंकेच्या नमुन्यांसाठी तेच वापरा, डिटेक्टर फ्लुरोसन्सचा लावला तर आणखी उत्तम. पण एचपीएलसीला तुकडा कापून द्यावा लागतो. शस्त्रक्रिया टेबलावर चालू असताना, त्याच गाठीत, दर मिनिटाला काय चाललंय ते सांगणारं फायबरच.

शस्त्रक्रियेत हे खरंच वापरतात?

मेंदूच्या ग्लायोमा गाठींसाठी वापरतात. रुग्णाला भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी किलोला २० मिलिग्रॅम एएलए प्यायला देतात, आणि सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या प्रकाशात गाठ लाल-गुलाबी दिसते. जर्मनीत वॉल्टर श्टुमर यांच्या गटाच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसणारी गाठ पूर्ण काढता येण्याचं प्रमाण ६५ टक्के आलं, साध्या पांढऱ्या प्रकाशात ३६ टक्के. युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. गाठीच्या कडेला मात्र चमक इतकी फिकी होते की डोळ्याला कळत नाही. डोळ्याची नजर जिथे संपते, तिथून स्पेक्ट्रोमीटरचं काम सुरू होतं.

बावचीतलं सोरॅलेन याच पद्धतीने मोजता येईल?

हा प्रश्न आपल्याकडेच विचारला जातो. पांढऱ्या कोडावर बावची लावून ऊन देण्याची आयुर्वेदातली रीत जुनी आहे, आणि बावचीत सोरॅलेन खरोखरच असतं. पण ते ऑक्सिजनच्या वाटेने न जाता मुख्यतः डीएनएला चिकटून काम करतं, आणि त्याचा फ्लुरोसन्स क्षीण, तोही निळ्या भागात, म्हणजे नेमका ऊतीचा स्वतःचा प्रकाश जिथे दाटलेला असतो तिथे. त्वचेवर प्रोब टेकवून ते वेगळं दिसणं अवघड. इथे अर्क काढून एचपीएलसीच करा. आणि कोणी घरच्या घरी बावची लावून उन्हात बसायचा विचार करत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको, फोड येतात.

औषध घेतल्यावर रुग्णाने ऊन किती दिवस टाळायचं?

एएलए पोटातून घेतल्यावर एक ते दोन दिवस, व्हर्टेपॉर्फिनला पाच, फोटोफ्रिनला किमान ३०. नेमकं डॉक्टर सांगतील ते. आणि फोटोफ्रिन घेतलेल्याने महिनाभर घरात पडदे ओढून काळोखात बसू नये. खोलीतल्या साध्या उजेडाने त्वचेतलं औषध हळूहळू, इजा न करता जळून जातं.